पैसे भरून घेतलेलं ई-पुस्तक उघडत नाही तेव्हा

डाउनलोड झालेली '.एसीएसएम' फाइल म्हणजे पुस्तक नव्हे. ती जेमतेम काही केबींची पावती. म्हणून ती कुठल्याही साध्या पीडीएफ रीडरमध्ये उघडत नाही. आधी ॲडोबी डिजिटल एडिशन्स हे ई-पुस्तकं वाचायचं सॉफ्टवेअर टाका; ही पावती दाखवून तेच खरं पुस्तक उतरवतं. मग फाइलला हात लावण्यापूर्वी 'हेल्प' मेनूतून ॲडोबी आयडीने, म्हणजे ॲडोबीवरच्या खात्याने, संगणक ऑथराइझ करा, म्हणजे त्या खात्याशी जोडा.

इथेच बहुतेकांची गाडी अडते. 'आयडीशिवाय' या खुणेवर टिक केली, की पुस्तक त्या एकाच संगणकाला चिकटतं. नंतर दुसऱ्या आयडीने उघडायला गेलात, तर 'आधीच दुसऱ्याने घेतलंय' अशा अर्थाचा एरर. मग विक्रेत्याला ऑर्डर क्रमांक कळवून परवाना रीसेट करून मागा. तो अधिकार त्याच्याच हातात असतो.

एका आयडीवर साधारण 6 संगणक चालतात. विंडोज नव्याने टाकण्याआधी त्याच सॉफ्टवेअरमध्ये कंट्रोल-शिफ्ट-डी दाबून जुना संगणक मोकळा करा, नाहीतर ती जागा फुकट अडून राहते.

छपाई किती पानांची, कॉपी होणार की नाही, हे प्रकाशक ठरवतो. पुस्तकावर राइट-क्लिक करून 'आयटम इन्फो'त पाहा. खरं तर हे विकत घेण्याआधीच ठळक सांगायला हवं!