करारात ‘गरज वाटल्यास’ लिहू नका

झोप चार तासांवर आली आणि तरी सकाळी एकदम ताजंतवानं वाटत असेल, तर खूश होऊ नका, वही काढा. बायपोलर, म्हणजे मूड कधी अतिउत्साहाच्या चढावर तर कधी नैराश्याच्या उतारावर नेणारा आजार, असलेल्या माणसाला एवढी सवय लागली तरी पुष्कळ निभावतं. मला ती लागायला थेरपीची दोन वर्षं गेली. त्यात माझा हट्टीपणाच जास्त.

थेरपी गोळ्यांच्या जागी नसते, हे आधीच सांगते. मी लिथियमवर आहे, मूड स्थिर ठेवणारं औषध. त्याची रक्तातली पातळी शेवटच्या डोसनंतर साधारण 12 तासांनी तपासतात, शिवाय अधूनमधून थायरॉइड आणि किडनी. जुलाब-उलट्या झाल्या किंवा आयब्युप्रोफेनसारखी गोळी घ्यायची वेळ आली, तर आधी डॉक्टरांना फोन, कारण पातळी वाढू शकते. मग थेरपिस्टचं काम काय? पहिल्या भेटीत मीही हेच विचारलं होतं, जरा तोऱ्यातच.

बाईंनी मला मागच्या चढाच्या आधीचे पंधरा दिवस आठवायला लावले. मोठं काही नको, बारीकसारीक सांगा म्हणाल्या. तेव्हा सापडलं, की मी रात्री दीड-दोनला कपाट आवरायला घेते, कपडे रंगांप्रमाणे लावते. मग माझे मेसेज लांबत जातात. मग समोरचा फार हळू बोलतोय असं वाटून मी त्याची वाक्यं पुरी करते. पैसे उधळणं त्याच्याही नंतर, आणि तोवर उशीर झालेला असतो. तुमच्या खुणा वेगळ्या असतील. घरच्यांना विचारा, त्यांना आपल्याआधी दिसतात. दादाने तीन सांगितल्या, त्यातल्या दोन मी शपथेवर नाकारल्या असत्या. उताराची माझी खूण साधी आहे: फोन वाजतो आणि मी त्याच्याकडे बघत बसते.

वहीत रोज पाच गोष्टींच्या वेळा टिपते: उठले कधी, पहिल्यांदा कुणाशी बोलले कधी, काम सुरू केलं कधी, रात्री जेवले कधी, झोपले कधी. ही पद्धत मानसशास्त्रज्ञ एलन फ्रँक यांच्या सोशल ऱ्हिदम थेरपीतली. दिनक्रम विस्कटला की शरीराचं घड्याळ बिघडतं आणि त्यामागोमाग मूड. मूडला दहापैकी गुण देणं मला कधी जमलं नाही. घड्याळात बघून आकडा लिहायला काय जातं?

हे सगळं बरं असताना करायचं. चढ पुरता चढल्यावर मी एकदा थेरपीला गेले, तर तासभर बाईंनाच उपदेश करून आले.

आता करार. घरच्यांसोबत बसून, शांत असताना, कागदावर. मोठी खरेदी किंवा राजीनामा असेल तर 48 तास थांबायचं आणि दोन विश्वासू माणसांना विचारायचं. मरणाचे विचार आले तर पुढच्या भेटीची वाट न बघता त्याच दिवशी डॉक्टरांना आणि घरात सांगायचं, एकटं राहायचं नाही. हे कलम सगळ्यात वर.

माझ्या पहिल्या करारात होतं, ‘गरज वाटल्यास कार्ड दादाकडे द्यायचं.’ वेळ आली तेव्हा मी दोन तास भांडले, कारण मला गरज वाटतच नव्हती. मला तर इतकं स्वच्छ कधी दिसलं नव्हतं! पुढच्या भेटीत बाईंनी कागद वाचला आणि एवढंच विचारलं, “गरज कुणाला वाटल्यास?”

आता तिथे आकडा आहे: सलग दोन रात्री पाच तासांहून कमी झोप झाली, की कार्ड दादाकडे आणि सायकियाट्रिस्टना फोन. वाटण्याचा संबंध नाही. तुमचा आकडा तुमच्या वहीतून काढा, माझा उचलू नका.

गेल्या महिन्यात दादाने वही बघितली आणि हात पुढे केला. मी कार्ड दिलं, वर चार शब्दही सुनावले. सुनावायला करारात मनाई नाही.