खर्डा ऐकून तपासा : स्वतःचा आवाजी सहायक कसा बांधायचा

आपणच लिहिलेला मजकूर आपले डोळे फार समजून घेत वाचतात. गाळलेला शब्द भरून घेतात, लागोपाठ दोनदा पडलेलं ‘आणि’ एकदाच पाहतात. कान इतके दयाळू नसतात. खिळ्यांच्या छापखान्यात प्रूफ तपासताना एक जण मूळ प्रत मोठ्यानं वाचायचा, अगदी स्वल्पविराम-पूर्णविरामांसकट, आणि दुसरा प्रुफावर नजर ठेवायचा. त्या वाचणाऱ्याचं काम आता ब्राउझरला देता येतं. वाक्य वाचून दाखवेल, तोंडी आज्ञा ऐकेल आणि तुमचा शेरा त्या वाक्यापाशी जपून ठेवेल असं साधं पान बनवायला जावास्क्रिप्टची जुजबी ओळख पुरते.

एक गोष्ट मात्र आधीच मान्य करून टाका : वेलांटी ऐकू येत नाही. ‘दिन’ आणि ‘दीन’ यांतला फरक यंत्राच्या आवाजात जवळजवळ पुसला जातो. ऱ्हस्व-दीर्घ डोळ्यांनीच तपासायचं. हा सहायक लांबलेली वाक्यं, अडखळणारी रचना, सुटलेले आणि पुन्हापुन्हा येणारे शब्द पकडण्यासाठी आहे.

१. आधी आज्ञा ठरवा, कोड नंतर

एखाद्या मित्राला समोर बसवा आणि यंत्राऐवजी त्याला तुमचा खर्डा वाचायला लावा. तुम्ही आपसूक काय बोलता ते लिहून घ्या. बहुतेकांचं काम सहा आज्ञांत भागतं : पुढे, मागे, परत, थांब, सावकाश, शेरा. ‘परत’च्या जागी ‘पुन्हा’ ठेवावंसं वाटेल, पण ‘पुढे’ आणि ‘पुन्हा’ दोन्ही ‘पु’नं सुरू होतात आणि पंखा चालू असला की यंत्राची गफलत होते. आज्ञा कानाला एकमेकींपासून दूर हव्यात. शिवाय कोणी ‘पुढं’ म्हणेल, कोणी ‘थांबा’, कोणी ‘थांब जरा’. ही सगळी रूपं आज्ञेच्या यादीत घाला.

२. मजकुराची वाक्यं पाडा

पूर्णविराम दिसला की तोडायचं, इतकं हे सरळ नाही. ‘डॉ.’, ‘प्रा.’, ‘इ.स.’, ‘कि.मी.’ इथे वाक्य संपत नाही. ब्राउझरमध्ये मजकूर तोडण्यासाठी आयता असलेला ‘इंटल सेगमेंटर’ मराठीसाठी वाक्यं पाडून देतो, पण संक्षेपांची स्वतःची छोटी यादी जोडावीच लागते.

वाक्यं पाडण्याआधी मजकूर एकसारखा करून घ्या. ‘दऱ्या’तला अर्धा र युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकाच्या अक्षरसंकेतांत, एकाहून अधिक प्रकारे टंकता येतो. पडद्यावर सगळे सारखेच दिसतात, संगणकाला मात्र ते वेगळे शब्द वाटतात आणि शोध फसतो. युनिकोडचं ‘एनएफसी’ हे प्रमाण रूप वापरल्यानं यातला काही भाग सुटतो. अदृश्य जोडचिन्ह घालून लिहिलेला प्रकार स्वतः बदलून घ्यावा लागतो.

३. वाचून दाखवा

यासाठी ‘वेब स्पीच’ या ब्राउझरमधल्याच बोलण्या-ऐकण्याच्या सोयीची बोलण्याची बाजू वापरा आणि भाषेचा संकेत मराठी-भारत (mr-IN) असा द्या. पान उघडताक्षणी आवाजांची यादी बऱ्याचदा रिकामी येते. आवाज तयार झाल्याची सूचना मिळेपर्यंत थांबायचं. मायक्रोसॉफ्ट एजमध्ये आरोही आणि मनोहर हे मराठी आवाज आहेत, अँड्रॉइडवर गूगलचा मराठी आवाज मिळतो. ‘ईस्पीक एनजी’ हा मजकूर वाचणारा प्रोग्राम फुकट आणि इंटरनेटशिवाय चालतो, पण त्याचा पत्र्यासारखा आवाज तासभर ऐकवत नाही.

अख्खा परिच्छेद एकदम बोलायला देऊ नका. क्रोममध्ये इंटरनेटवरून येणारे आवाज लांब मजकूर मध्येच सोडून देतात, आणि नेमका कुठला शब्द चालू आहे हेही ते नेहमी कळवत नाहीत. एकेक वाक्य दिलं की दोन्ही अडचणी मिटतात आणि चालू वाक्य पडद्यावर रंगवून दाखवता येतं.

दिसणारा मजकूर आणि बोलायचा मजकूर वेगळे ठेवा. १९६० या सालाचं यंत्र ‘एक हजार नऊशे साठ’ करू शकतं, ‘रु.’चं ‘रु’ म्हणून मोकळं होऊ शकतं. अशा बदलांचा एक तक्ता असू द्या. ‘चार’ आणि ‘चाक’ यांतले च वेगळे आहेत हे काही आवाजांना ठाऊक नसतं, त्यावर फार वेळ घालवू नका. विरामचिन्हंही बोलून दाखवणारा, छापखान्याच्या धर्तीचा पर्याय मात्र जरूर द्या. संवाद आणि अवतरणचिन्हं असलेल्या लेखनात तो फार कामाला येतो.

४. ऐकून घ्या

सतत कान उघडे ठेवणारा सहायक भारी वाटतो, पण तो स्वतःचाच आवाज ऐकतो. लेखात ‘पुढे’ शब्द आला की सहायक तो वाचतो, स्वतःच ती आज्ञा समजतो आणि पुढच्या वाक्यावर जातो! म्हणून एखादी कळ दाबून धरून बोलायचं. कळ दाबताच वाचन थांबलं पाहिजे. स्पेसबार नको, टिपणाच्या चौकटीत कर्सर असला की तिथे मोकळ्या जागा टंकल्या जातात.

माइकसाठी पान सुरक्षित (https) पत्त्यावर किंवा स्वतःच्याच संगणकावरून चालवावं लागतं. क्रोम आवाज ओळखण्यासाठी तो सहसा गूगलच्या सर्व्हरकडे पाठवतो. फायरफॉक्समध्ये ही सोय एरवी बंदच असते. अप्रकाशित लेखाबद्दलचं बोलणं बाहेर जाऊ द्यायचं नसेल तर ओपनएआयनं २०२२ मध्ये खुलं केलेलं ‘व्हिस्पर’ हे बोलणं ओळखणारं मॉडेल आपल्याच संगणकावर चालवा. त्याच्या शिकवणीत मराठीचा वाटा नगण्य असल्यानं लहान मॉडेल मराठीत चाचपडतं, आणि शांतता ऐकवली तर मनचं वाक्य रचतं. मद्रास आयआयटीच्या ‘एआयफॉरभारत’ची भारतीय भाषांसाठी घडवलेली खुली मॉडेलंही इथे अजमावून पाहण्याजोगी आहेत.

ओळखलेला शब्द यादीशी तंतोतंत जुळलाच पाहिजे असा हट्ट नको. एखाद्या अक्षराचा फरक चालवून घ्या. काहीच जुळलं नाही तर एक छोटा ‘टिक’ पुरे. ‘माफ करा, मला समजलं नाही’ हे तिसऱ्यांदा ऐकताना माणूस चिडतो.

५. शेरा ठेवा, मजकुराला हात लावू नका

‘हा शब्द बदल, तिथे ते घाल’ अशी तोंडी दुरुस्ती करू देण्याचा मोह आवरा. मोकळं मराठी बोलणं ओळखताना यंत्र चुकणारच, आणि ती चूक लेखात शिरली तर तपासणीचा हेतूच बुडाला. सहायकानं फक्त खूण करावी.

‘शेरा’ म्हटलं की पुढचं बोलणं अक्षरांत उतरवा आणि त्याचा मूळ आवाजही साठवा. ‘इथे दम लागतो’चं यंत्रानं काहीही केलं, तरी दुसऱ्या दिवशी तुमचाच आवाज ऐकून शेरा कळतो. संगणकावर ओळखणं आणि ध्वनिमुद्रण एकत्र चालतं. अँड्रॉइडवर बऱ्याचदा माइक एकालाच मिळतो, तिथे आधी मुद्रण करून मग ओळखा.

शेरा वाक्याच्या क्रमांकाला बांधू नका. वर एक वाक्य वाढलं की सगळे शेरे घसरतात. वाक्याचा मजकूर आणि त्याच्या मागचं-पुढचं वाक्य अशी ओळख साठवा.

६. हवं असेल तर मत विचारा

भाषिक मॉडेल (चॅटबॉटमागचं यंत्र) जोडायचं असेल तर विचारल्यावरच बोलू द्या. एकच परिच्छेद पाठवा आणि तीन गोष्टी मागा : खटकणारे मूळ शब्द, काय खटकतं, किती खात्री आहे. पुनर्लेखन मागू नका. त्यानं तुमचा लेख पाहता पाहता सपाट होतो. मॉडेलनं उद्धृत केलेले शब्द परिच्छेदात खरोखर आहेत का, हे साध्या शोधानं ताडून पाहा. नसतील तर ते मत टाकून द्या. बोलून दाखवायचं ते दोन वाक्यांत, उरलेलं पडद्यावर.

७. चाचणी

एका परिच्छेदात मुद्दाम चुका पेरा आणि दुसऱ्या कोणाला तरी तपासायला द्या. शक्य असेल तर बोलण्याचा वळसा वेगळा असलेली दोन-तीन माणसं घ्या. एनव्हीडीएसारखा, पडद्यावरचं सगळं वाचून दाखवणारा स्क्रीन रीडर वापरणाऱ्या एखाद्या व्यक्तीलाही बसवा. तिच्याकडे एक आवाज आधीच बोलत असतो, त्यावर तुमचा सहायक बोलू लागला तर दोन्ही कळत नाहीत. त्यामुळे वाचन पूर्ण बंद करून फक्त आज्ञा आणि शेरे चालू ठेवण्याची कळ पहिल्याच आवृत्तीत हवी, आणि ती माउसशिवाय सापडली पाहिजे.