संधिवात-संशोधकाची प्रकाशनयादी कशी तपासावी

एखाद्या ऱ्हुमॅटॉलॉजिस्टच्या (संधिवाततज्ज्ञाच्या) परिचयात ‘४००हून अधिक प्रकाशने’ असं लिहिलेलं असतं. त्या चारशेंत नेमकं काय दडलंय हे शोधायला एक दुपार पुरते. निवड समितीवर असाल, पीएचडीसाठी गाइड शोधत असाल किंवा एखाद्याची मुलाखत घ्यायची असेल, पद्धत तीच. आधी माणूस पक्का करायचा, मग यादी उतरवायची, मग प्रत्येक ओळीला प्रकार लावायचा. आकडे सगळ्यात शेवटी. बहुतेक जण उलट्या टोकाने सुरू करतात: एच-इंडेक्स (उद्धरणांवरून काढलेला आकडा) बघतात आणि तिथेच थांबतात.

माणूस पक्का करा

ऑर्किड क्रमांक (संशोधकाचा स्वतःचा एकमेव ओळखक्रमांक) मिळाला तर निम्मं काम झालं. हा क्रमांक १६ स्थानांचा असतो. शेवटचं स्थान तपासणी-अंकाचं असून तिथे कधीकधी ‘एक्स’ येतो. टायपिंगची चूक समजून तो खोडू नका. ऑर्किड २०१२ मध्ये सुरू झालं, त्यामुळे त्याआधीचे पेपर संशोधकाने स्वतः भरले असतील तरच तिथे दिसतात. प्रत्येक नोंदीखाली तिचा स्रोत दिलेला असतो. स्रोत क्रॉसरेफ (प्रकाशकांची लेखनोंदणी संस्था) असेल तर नोंद प्रकाशकाकडून आलेली आहे. स्रोताच्या जागी संशोधकाचंच नाव असेल तर ती ओळ दुसरीकडे पडताळायची.

मग पबमेड, म्हणजे वैद्यकीय लेखांची अमेरिकेची मोफत सरकारी सूची. आडनाव, आद्याक्षरं आणि चौकोनी कंसात ‘एयू’ (लेखकाची खूण) असा शोध द्या. एकच आद्याक्षर दिलं तर पबमेड त्यापुढची सगळी अक्षरंही धरतं, म्हणजे ‘पाटील एस’मध्ये ‘पाटील एसके’ आणि ‘पाटील एसव्ही’ही येतात. हे नको असेल तर नाव दुहेरी अवतरणचिन्हांत टाका. पण लगेच टाकू नका. कारण तोच माणूस एका जर्नलमध्ये एका आद्याक्षराने आणि दुसऱ्यात दोन आद्याक्षरांनी छापला जातो. लग्नानंतर बदललेलं आडनाव, ‘व्हॅन डेर’सारखी उपपदं, स्पॅनिश जोडआडनावं यांचे सगळे पर्याय ‘ऑर’ने जोडून एकाच शोधात घ्या.

संस्थेच्या नावाने गाळणी लावण्याचा मोह होतो. इथेच सगळ्यात जास्त पेपर निसटतात. २०१४च्या आधी पबमेड साधारणपणे फक्त पहिल्या लेखकाचा पत्ता नोंदवत असे. २००६च्या पेपरात तुमचा संशोधक चौथा लेखक असेल तर त्याच्या रुग्णालयाचं नाव नोंदीत नसणारच, आणि गाळणी तो पेपर गुपचूप टाकून देईल. पूर्ण नावंही २००२पासूनच्या पेपरांतच सापडतात, तीही जर्नलने छापली असतील तर. जुन्या पेपरांसाठी पत्त्याऐवजी नेहमीच्या सहलेखकांची नावं वापरा. एखाद्या गटातले तीनचार जण वर्षानुवर्षं एकत्र लिहितात, त्या नावांवरून माणूस ओळखता येतो.

विषयाने शोधताना आजारांची जुनी नावं विसरू नका. आज ग्रॅन्युलोमॅटोसिस विथ पॉलिअँजायटिस म्हणतात त्याला २०११पर्यंत वेगनर्स ग्रॅन्युलोमॅटोसिस म्हणत. रिअॅक्टिव्ह आर्थ्रायटिस पूर्वी रायटर्स सिंड्रोम होता, आणि लहान मुलांचा जेआयए (जुव्हेनाइल इडिओपॅथिक आर्थ्रायटिस) एकेकाळी जेआरए (जुव्हेनाइल ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस) होता. फक्त नवं नाव टाकलं तर कारकिर्दीची पहिली दहापंधरा वर्षं गायब होऊ शकतात. लघुरूपांवर तर अजिबात विसंबू नका: ‘आरए’ म्हणजे ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस, रेटिनॉइक अॅसिड आणि हृदयाची उजवी कर्णिकाही.

यादी उतरवा

पबमेडच्या ‘सेव्ह’मध्ये सीएसव्ही आणि ‘पबमेड’ असे दोन प्रकार उपयोगाचे. सीएसव्ही थेट एक्सेलमध्ये उघडते, पण तिच्यात प्रकाशनाचा प्रकार नसतो. तो ‘पबमेड’ प्रकारच्या फाइलमध्ये ‘पीटी’ने सुरू होणाऱ्या ओळींत असतो. दोन्ही उतरवा आणि पीएमआयडीवरून (नोंदीचा पबमेड क्रमांक) जोडा. एक्सेलमध्ये नुसतं डबल क्लिक करून फाइल उघडली तर उच्चारचिन्हं असलेल्या युरोपीय नावांचा चुराडा होतो. ‘डेटा’ टॅबमधून यूटीएफ-८ निवडून आयात करा.

तक्त्यात हे रकाने ठेवा: पीएमआयडी, डीओआय (लेखाचा कायमचा डिजिटल क्रमांक), वर्ष, जर्नल, प्रकार, लेखकक्रमांक, एकूण लेखक, चाचणीचा नोंदणी क्रमांक, शेरा. ‘शेरा’ रुंद ठेवा, तोच सगळ्यात जास्त भरतो.

प्रकार लावा

या विषयात आकडा फुगण्याचं सगळ्यात मोठं कारण म्हणजे परिषदांचे गोषवारे. युलारच्या (युरोपीय संधिवात संघटनांच्या महासंघाच्या) वार्षिक परिषदेचे गोषवारे ‘ॲनल्स ऑफ द ऱ्हुमॅटिक डिसीजेस’च्या पुरवणीत आणि एसीआरचे (अमेरिकन कॉलेज ऑफ ऱ्हुमॅटॉलॉजीचे) ‘आर्थ्रायटिस अँड ऱ्हुमॅटॉलॉजी’च्या पुरवणीत छापले जातात. म्हणजे जर्नलचं नाव भारदस्त, खंड-पृष्ठ सगळं रीतसर, पण मजकूर एका पोस्टरचा. पबमेड आणि स्कोपस (वेब ऑफ सायन्ससारखी सशुल्क उद्धरणसूची) हे गोषवारे सहसा घेत नाहीत. वेब ऑफ सायन्स ‘मीटिंग अॅबस्ट्रॅक्ट’ असा शिक्का मारून घेतं. गुगल स्कॉलर शिक्का न मारताच घेतं. एकाच माणसाचे स्कॉलरवर ५०० आणि पबमेडवर १८० निघाले तर आधी हेच तपासा. परिचयपत्रातली ओळ ओळखण्याची खूण सोपी आहे: खंडानंतर ‘सप्लिमेंट’ आणि लेखाची लांबी एखादंच पान. गोषवारा असणं गैर नाही. तो पूर्ण पेपर म्हणून मोजणं गैर आहे. आणि दोन-तीन वर्षांत त्याचा पूर्ण पेपर आला का, हे पाहणं तर फारच बोलकं असतं.

‘पीटी’ वाचताना एक खाचखळगा आहे. ‘जर्नल आर्टिकल’ हा शिक्का बहुतेक लेखांवर असतो, रिव्ह्यूवरही. त्यामुळे त्याच्या जोडीला किंवा त्याच्याऐवजी काय आहे ते बघा: रिव्ह्यू, लेटर, कॉमेंट, एडिटोरियल, केस रिपोर्ट्स, रँडमाइज्ड कंट्रोल्ड ट्रायल, प्रॅक्टिस गाइडलाइन. ‘पब्लिश्ड एरॅटम’ म्हणजे शुद्धिपत्र; त्याला स्वतःचा पीएमआयडी मिळतो आणि कधी लेखकांची नावंही, म्हणून ते वेगळा पेपर म्हणून मोजलं जातं. ते काढा. प्रीप्रिंट (तज्ज्ञ-परीक्षणाआधीचा मसुदा) आणि त्याचाच छापील पेपर असे दोन्ही दिसले तर एकच ठेवा.

दुहेरी नोंद दिसली की लगेच लबाडीचा संशय घेऊ नका. ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिसचे २०१०चे एसीआर-युलार वर्गीकरण निकष त्याच वर्षी ‘आर्थ्रायटिस अँड ऱ्हुमॅटिझम’ आणि ‘ॲनल्स’ अशा दोन्ही जर्नलांत ठरवून छापले गेले. ल्युपसच्या २०१९च्या निकषांचंही तसंच. दोन पीएमआयडी, दोन उद्धरणसंख्या, काम एक. तक्त्यात एकच ओळ ठेवा आणि शेऱ्यात ‘संयुक्त प्रकाशन’ लिहा. (‘आर्थ्रायटिस अँड ऱ्हुमॅटिझम’ हेच २०१४पासून ‘आर्थ्रायटिस अँड ऱ्हुमॅटॉलॉजी’ झालं. दोन वेगळी जर्नलं समजू नका.)

एका चाचणीचे किती पेपर?

इन्फ्लिक्सिमॅब या ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिसवरच्या औषधाची ‘अॅट्रॅक्ट’ चाचणी घ्या. मेथोट्रेक्सेट हे नेहमीचं औषध चालू असूनही आजार न आवरलेले ४२८ रुग्ण तिच्यात होते. ३० आठवड्यांचे निष्कर्ष १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आले, ५४ आठवड्यांचे २००० मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये, दोन वर्षांचे २००४ मध्ये ‘आर्थ्रायटिस अँड ऱ्हुमॅटिझम’मध्ये. २००५ मध्ये त्याच जर्नलमध्ये एक उपविश्लेषण आलं: लक्षणांत सुधारणा न झालेल्यांच्याही सांध्यांची झीज क्ष-किरणांवर मंदावली का? चार पेपर, रुग्ण तेच. पण प्रत्येकाचा प्रश्न किंवा कालावधी वेगळा, म्हणून यात काही खोट नाही.

खोट कुठे असते? कालावधी तोच, रुग्ण तेच, फक्त थकव्याचा एक पेपर, झोपेचा दुसरा, कामाच्या क्षमतेचा तिसरा, आणि एकातही बाकीच्यांचा उल्लेख नाही. हे पकडायला नोंदणी क्रमांक लागतो. क्लिनिकलट्रायल्स डॉट गव्ह या चाचणी-नोंदणी संकेतस्थळाचा क्रमांक ‘एनसीटी’ आणि पुढे आठ आकडे असा असतो, बहुधा गोषवाऱ्याच्या शेवटी. त्यापुढे चौकोनी कंसात ‘एसआय’ लावून पबमेडमध्ये शोधलं की त्या चाचणीचे, क्रमांक नोंदवलेले सगळे पेपर एका पानावर येतात. तक्ता याच रकान्यानुसार लावून बघा: तीस ओळी चारपाच चाचण्यांत गोळा होताना दिसतील. त्याच वेळी नोंदणीतला मुख्य निष्पत्ती-निकष आणि पेपरमधला निकष तोच आहे का, हेही बघून घ्या. नोंदणीत एसीआर-५० (किमान ५० टक्के सुधारणा) आणि पेपरात एसीआर-२० (किमान २० टक्के) ठळक असेल तर शेरा लिहा.

लेखकाची जागा

वैद्यकीय पेपरात पहिल्या लेखकाने बहुतांश काम आणि लेखन केलेलं असतं, शेवटचा सहसा गटप्रमुख असतो. मधल्या जागांचा अर्थ एकसारखा नसतो. जनुकीय अभ्यासांत शंभरावर लेखक असतात. साठावा लेखक म्हणजे बहुधा नमुने पाठवणाऱ्या केंद्राचा प्रमुख. ‘समान योगदान’ची टीप यादीत दिसत नाही, पेपरचं पहिलं पान उघडावं लागतं. गटाच्या नावाने छापलेल्या पेपरांत, उदाहरणार्थ २०२०नंतरच्या कोविड-१९ ग्लोबल ऱ्हुमॅटॉलॉजी अलायन्सच्या, अनेकांची नावं लेखकांत नसून ‘कोलॅबोरेटर’ यादीत असतात. त्यांचा शोध ‘एयू’ऐवजी ‘आयआर’ लावून करायचा, आणि ते पेपर लेखक म्हणून मोजायचे नाहीत.

अलीकडच्या पेपरांत योगदानाचा परिच्छेद असतो. दहा मिनिटं खर्च करून पाच पेपरांचे वाचा. रुग्ण कोणी गोळा केले, सांख्यिकी कोणी केली, मसुदा कंपनीने पैसे दिलेल्या मेडिकल रायटरने लिहिला का, हे तिथे आणि आभारांत असतं. आकड्यांपेक्षा हे वाचन जास्त सांगतं.

उद्धरणं आणि मागे घेतलेले पेपर

एच-इंडेक्स ४० म्हणजे ४० पेपर असे, ज्यांतल्या प्रत्येकाला किमान ४० उद्धरणं आहेत. त्यात पहिला लेखक आणि तिसावा लेखक सारखेच. निकष, शिफारशी आणि रिव्ह्यू यांना उद्धरणं धो-धो मिळतात, म्हणून मूळ संशोधनाचा एच-इंडेक्स तुमच्याच तक्त्यातून वेगळा काढा. कधीकधी तो निम्म्यावर येतो. स्कॉलर, स्कोपस आणि वेब ऑफ सायन्स यांचे आकडे एकमेकांत मिसळू नका. स्क्लेरोडर्मासारख्या दुर्मिळ आजारावर काम करणाऱ्याची तुलना ऱ्हुमॅटॉइडवाल्याशी कच्च्या उद्धरणांवर करणं अन्याय आहे. त्यासाठी एनआयएच या अमेरिकेच्या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेचं मोफत ‘आयसाइट’ वापरा. पीएमआयडींची यादी चिकटवली की ते क्षेत्रानुसार तोललेलं प्रमाण देतं. १ म्हणजे एनआयएचच्या निधीवरच्या पेपरांचा मध्यक.

शेवटी सगळे डीओआय रिट्रॅक्शन वॉचच्या (मागे घेतलेल्या पेपरांच्या) विदासंचात ताडून पाहा. २०२३ मध्ये क्रॉसरेफने तो घेतला आणि सर्वांना खुला केला. पबमेडमध्ये मागे घेतलेल्या पेपरवर ‘रिट्रॅक्टेड पब्लिकेशन’ असा शिक्का असतो, आणि मागे घेतल्याची सूचना ही वेगळी नोंद असते. दोन्हींची गल्लत नको. कारणही वाचा. प्रकाशकाच्या चुकीने दोनदा छापला म्हणून मागे घेणं वेगळं, वेस्टर्न ब्लॉटच्या (प्रथिनं ओळखण्याच्या चाचणीच्या) चित्रांत फेरफार सापडला म्हणून घेणं वेगळं. प्रयोगशाळेतलं काम जास्त असेल तर पबपीअर या पेपरांवर शंका मांडण्याच्या संकेतस्थळावरही नाव टाका.

पबमेडमध्ये दिसतंय म्हणून जर्नल चांगलंच, असं नाही. पीएमसीमध्ये (पूर्ण लेखांच्या मोफत साठ्यात) ठेवलेले लेखही पबमेडमध्ये येतात. शोधाला ‘मेडलाइन’ (पबमेडमधला निवडक जर्नलांचा भाग) आणि चौकोनी कंसात ‘एसबी’ जोडून पुन्हा चालवा, जे गळतील त्यांची जर्नलं एकेक करून बघा. अगदी ताजे पेपर अजून प्रक्रियेत असल्यामुळेही गळतात, त्यांना धरू नका.

अहवाल लिहिताना एकच बेरीज देऊ नका. मूळ संशोधन किती, त्यांत पहिला किंवा शेवटचा लेखक किती, स्वतंत्र चाचण्या किती, रिव्ह्यू, निकष-शिफारशी, पत्रं-संपादकीयं आणि गोषवारे किती, असे वेगळे आकडे द्या. खाली वापरलेला शोध जसाच्या तसा आणि तो चालवल्याची तारीख लिहा. पुढच्या आठवड्यात कोणी तोच शोध चालवला तर आकडा दोनचारने वाढलेला असेल.