माळ्यावरची पोलादी सायकल पुन्हा रस्त्यावर आणताना

बेळगाव, खानापूर आणि निपाणी या पट्ट्यातील जुन्या घरांच्या माळ्यावर, गोठ्यात किंवा भाताच्या कणगीमागे दांडीच्या ब्रेकची, अठ्ठावीस इंची काळी सायकल अजूनही सापडते. कुणाचे आजोबा तिच्यावरून शाळेत शिकवायला जात, तर कुणी कॅरियरला दुधाच्या किटल्या बांधून रोज पहाटे शहराच्या गल्ल्या गाठत असे. आमच्या खानापूरकडच्या घरातील सायकल वीस वर्षे अशीच पडून होती. ती मी दोन हिवाळ्यांत घरच्या पडवीत पुन्हा उभी केली, आणि त्यानंतर आणखी तीन सायकली माझ्या हाताखालून गेल्या. या कामाचा जो क्रम मला योग्य वाटतो तो येथे मांडत आहे. मूळचे जेवढे टिकवता येईल तेवढे टिकवावे, आणि ज्या भागावर बसणाऱ्याचा जीव अवलंबून आहे तो भाग मात्र निःसंकोच नवा घालावा, एवढी एकच कसोटी मी प्रत्येक टप्प्यावर लावत आलो आहे.

प्रथम सायकल कोणती आहे ते ओळखावे. हँडलखालच्या नळीवर बसवलेला पितळी बिल्ला, सीटच्या नळीजवळ किंवा मागच्या चाकाच्या खाचेपाशी कोरलेला क्रमांक आणि क्रँकच्या, म्हणजे पायडल ज्या दांड्याला असते त्याच्या, चक्रातील नक्षी यांवरून बरेच कळते. बगळ्याचे चिन्ह असलेली रॅले इंग्लंडमधील नॉटिंगहॅमची असू शकते, किंवा आसनसोलच्या सेन-रॅले कारखान्यातीलही असू शकते. हर्क्युलस, फिलिप्स आणि बी. एस. ए. ही नावे प्रथम इंग्लंडमधून आली आणि नंतर १९४९ मध्ये स्थापन झालेल्या टी. आय. सायकल्सने मद्रासजवळच्या अंबत्तूर येथे त्याच नावांच्या सायकली भारतात घडवल्या. ही ओळख केवळ हौसेसाठी करायची नाही. नॉटिंगहॅमच्या अनेक रॅले सायकलींत क्रँकच्या कपांचे, म्हणजे ॲक्सलचे छर्रे ज्यांत फिरतात त्या वाट्यांचे, आटे इंचाला २६ असतात, तर इतर बहुतेक इंग्रजी धर्तीच्या सायकलींत ते २४ असतात. दुकानातून आणलेला नवा कप जोर लावून बसवला, तर फ्रेमचे आटे कायमचे जातात. म्हणून जुना कप कितीही गंजलेला असला तरी फेकू नये आणि नवा घेताना तो सोबत न्यावा.

त्यानंतर फ्रेम तपासावी, कारण फ्रेम गेलेली असेल तर पुढचा सारा खर्च व्यर्थ ठरतो. नळ्या जेथे सांध्यात शिरतात तेथे, पुढचे चाक धरणाऱ्या चिमट्याच्या माथ्याशी आणि क्रँकच्या नळकांड्याखाली बारीक भेगा किंवा फुगलेला रंग दिसतो का ते भिंगाने पाहावे. नाण्याने नळी हळूच ठोकत जावे. चांगली नळी खणखणते, आतून गंजाने खाल्लेली नळी मात्र बद्द वाजते. फ्रेम वाकली आहे का हे पाहायला एक साधा दोरा पुरतो. तो मागच्या चाकाच्या एका खाचेतून घ्यावा, हँडलच्या नळीला वळसा घालून दुसऱ्या खाचेत ताणून बांधावा आणि दोन्ही बाजूंनी दोऱ्यापासून सीटच्या नळीपर्यंतचे अंतर मोजावे. दोन्ही अंतरे सारखी असावीत. एक-दोन मिलिमीटरचा फरक चालतो. त्याहून जास्त फरक असल्यास जाणत्या मिस्त्रीकडून फ्रेम थंड अवस्थेतच सरळ करून घेता येते, कारण हे पोलाद पुरेसे लवचिक असते. चिमट्याला मात्र भेग असेल, तर डागडुजीच्या फंदात न पडता चिमटा बदलावा.

कामाला हंगामही पाहावा लागतो. आपल्याकडे, विशेषतः खानापूरच्या बाजूला, जून ते सप्टेंबर या काळात हवेत इतकी ओल असते की सकाळी घासून चकचकीत केलेल्या पोलादावर संध्याकाळपर्यंत तांबूस छटा चढते. गंज काढणे आणि रंगकाम दिवाळीनंतरच हाती घ्यावे. सुटे भाग शोधणे, मोजमाप करणे आणि सायकल उघडणे ही कामे पावसाळ्यात करून ठेवता येतात.

उघडण्यापूर्वी प्रत्येक बाजूची छायाचित्रे काढावीत. ब्रेकच्या दांड्या, त्यांचे कोपरे आणि छोटे स्क्रू यांची मांडणी महिन्याभराने कुणाच्याही लक्षात राहत नाही. प्रत्येक जोडाचे नट, वायसर आणि छर्रे वेगळ्या डबीत ठेवून डबीवर नाव लिहावे. गंजलेल्या नटांवर गंज सोडवणारे पातळ तेल सोडून दोन-तीन दिवस धीर धरावा आणि रोज एकदा हलक्या हातोडीने टकटक करावे. जुन्या इंग्रजी मापाच्या नटांवर आजचे मिलिमीटरचे पाने नीट बसत नाहीत व कडा गोल होतात, म्हणून सायकलवाल्यांकडे मिळणारा डमरूच्या आकाराचा अनेक भोकांचा पाना जवळ असावा. दोन ठिकाणी आटे उलटे असतात, हे आधीच लक्षात ठेवावे: डावे पायडल आणि चेनच्या बाजूचा, म्हणजे उजवा, क्रँक-कप. हे दोन्ही घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरवल्यावर सुटतात. हँडल काढताना वरचा लांब बोल्ट चार-पाच फेरे सैल करून त्याच्या माथ्यावर लाकडी ठोकळा ठेवून ठोकावे, म्हणजे आतली पाचर खाली सुटते. बोल्ट पूर्ण काढून हँडल उपटण्याचा प्रयत्न केल्यास पाचर आतच अडकून बसते.

क्रँकची कॉटर पिन, म्हणजे क्रँक ॲक्सलला घट्ट धरणारी पाचरीसारखी पिन, या संपूर्ण कामातील सर्वांत अवघड गोष्ट आहे, आणि पहिल्या सायकलीत माझी चूक येथेच झाली. मी सायकल स्टँडवर लावून पिनवर हातोडी मारली. प्रत्येक घाव क्रँकमधून ॲक्सलवर आणि ॲक्सलवरून छर्ऱ्यांवर गेला, कपांत खड्डे पडले आणि पिनही वाकली. योग्य पद्धत अशी आहे की पिनचा नट काढून टाकू नये, तो आट्यांच्या टोकाशी समपातळीत येईल इतकाच सैल ठेवावा, म्हणजे आटे चेपत नाहीत. क्रँकखाली जमिनीपासून थेट क्रँकपर्यंत पोचणारा लोखंडी पाइप उभा करावा. पाइपच्या पोकळीत पिनचे दुसरे टोक मोकळे उतरले पाहिजे आणि क्रँकचा सारा भार पाइपच्या काठावर आला पाहिजे. मग जड हातोडीचा एकच सरळ, नेमका घाव घालावा. दहा हलके घाव पिनचे डोके फुगवतात, तर एक जोरकस घाव तिला सोडवतो. तरीही न सुटल्यास तेल घालून दुसऱ्या दिवशी पुन्हा पाहावे. काढलेली पिन परत वापरू नये. नवी पिन घालताना तिची तिरपी बाजू कानशीने सपाट आणि दोन्ही पिनांना सारखी घासावी, आणि दोन्ही पिना आपापल्या क्रँकमध्ये एकाच रीतीने पण परस्परविरुद्ध दिशांना बसवाव्यात. एकीकडचा उतार कमी-जास्त झाला, तर दोन्ही पायडले एका रेषेत येत नाहीत आणि पाय मारताना सतत हिसका जाणवतो. इंग्रजी धर्तीच्या सायकलींना साधारणपणे साडेनऊ मिलिमीटरची पिन लागते. बाजारात नऊ मिलिमीटरचीही मिळते, ती ढिली बसते आणि काही दिवसांत क्रँकचे भोक खाते.

गंज काढण्यासाठी मी ऑक्झॅलिक आम्ल वापरतो. ते रंग-रसायनांच्या दुकानात पावडरच्या रूपात मिळते. एका लिटर कोमट पाण्यात वीस-तीस ग्रॅम पावडर विरघळवून प्लास्टिकच्या टबात नट, रिम, मडगार्डच्या काड्या असे भाग बुडवावेत आणि दर काही तासांनी पाहत राहावे. बहुतेक भाग एका दिवसात स्वच्छ होतात. हे आम्ल विषारी आहे. हातमोजे आणि चष्मा घालावा, काम उघड्यावर करावे, आणि मुले व जनावरे जवळ येणार नाहीत याची व्यवस्था करावी. भाग बाहेर काढल्यावर खायच्या सोड्याच्या पाण्यातून आणि मग भरपूर साध्या पाण्यातून धुवावेत, लगेच उन्हात वाळवून त्यांवर तेल फिरवावे. ॲल्युमिनियमचे भाग या पाण्यात बुडवू नयेत. आमच्या घरी तांब्याची भांडी चिंचेने घासतात, त्यामुळे तोच उपाय मी मडगार्डच्या काड्यांवरही करून पाहिला. हलका गंज निघतो, पण खोल गंजाला फार दिवस लागतात. क्रोमवरचा गंज ॲल्युमिनियमच्या चुरगळलेल्या फॉइलला पाणी लावून चोळल्यास सहज निघतो, आणि क्रोमवर ओरखडेही फारसे येत नाहीत.

फ्रेमच्या रंगाबाबत माझे मत ठाम आहे. सोनेरी रेघा, कंपनीचे जुने चित्र आणि काळ्या रंगाची खोली पन्नास टक्के जरी शिल्लक असेल, तरी फ्रेम खरवडून पावडर कोटिंगला देऊ नये. तो रंग कारखान्यात एकदाच चढतो. सौम्य साबणाने धुऊन, बारीक रबिंग कंपाउंडने हलक्या हाताने चकाकी आणावी आणि जेथे पोलाद उघडे पडले आहे तेथेच रेड ऑक्साइड प्रायमर व काळे इनॅमल लावावे. नळ्यांच्या आत उकळलेले अळशीचे तेल ओतून फ्रेम सर्व बाजूंना फिरवावी आणि जास्तीचे तेल निथळू द्यावे. वाळल्यावर आतून संरक्षक थर तयार होतो. या तेलाने भिजलेली फडकी गोळा करून ठेवल्यास आपोआप पेट घेऊ शकतात, म्हणून ती उघड्यावर पसरून वाळवावीत.

छर्रे जुने ठेवू नयेत. ते स्वस्त असतात, आणि खड्डे पडलेल्या एका छर्ऱ्याने नवा कोनही, म्हणजे छर्ऱ्यांना आतून टेकणारा ॲक्सलवरचा निमुळता भागही, खराब होतो. आपले मिस्त्री आजही सुतात माप सांगतात, एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. क्रँकला दोन सुती छर्रे दर बाजूला अकरा, मागच्या हबला दोन सुतीच पण दर बाजूला नऊ, पुढच्या हबला दीड सुती दर बाजूला दहा, हा इंग्रजी धर्तीच्या सायकलींचा सर्वसाधारण हिशेब आहे. हँडलच्या कपात बहुधा सव्वा सुती छर्रे असतात. तरी काढलेले छर्रे मोजूनच नवे घ्यावेत. कप आणि कोन डिझेलने स्वच्छ धुवावेत आणि त्यांवरून बोटाचे नख फिरवून पाहावे. नख अडले तर तो भाग बदलावा. जुन्या मापाचा कोन बाजारात मिळत नसेल, तर बेळगावकरांना एक मोठी सोय आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली याच शहरात सायकलींचे दुकान थाटले, आणि १९१० मध्ये किर्लोस्करवाडी उभी राहीपर्यंत त्यांच्या उद्योगाची पाळेमुळे येथेच होती. आज उद्यमबागेत लेथवर काम करणाऱ्या छोट्या कारखान्यांत नमुना दाखवून बुश, स्लीव्ह किंवा पिन बनवून घेता येते. कोन मात्र उष्णता देऊन कडक केलेला हवा, हे सांगायला विसरू नये, नाहीतर तो महिन्याभरात झिजतो.

ग्रीस भरून जोडणी करताना कोन इतकाच घट्ट करावा की ॲक्सलला डुगडुग राहणार नाही आणि फिरताना खरखरही जाणवणार नाही. चाक हलकेच फिरवून सोडल्यावर शेवटी व्हॉल्व्हच्या वजनाने व्हॉल्व्ह खाली येऊन थांबले, तर जुळवणी बरोबर आहे. चेक-नट आवळताना कोन थोडा फिरतो, म्हणून जुळवणी दोन-तीनदा करावी लागते.

चाकांत सहसा पुढे ३२ आणि मागे ४० स्पोक असतात. टायर २८ बाय दीड इंची घ्यावा. आउट काढताना, म्हणजे चाकाचा डुलणारा भाग सरळ करताना, सायकल उलटी ठेवून चिमट्याला खडू बांधावा, म्हणजे रिमचा बाहेर आलेला भाग स्वतःच उमटतो. डावीकडे आलेल्या जागी उजव्या बाजूचे स्पोक पाव फेरा आवळावेत आणि डावीकडचे तेवढेच सोडावेत. घाई करू नये. दांडीच्या ब्रेकचे रबर रिमच्या आतल्या, हबकडच्या पृष्ठभागावर दाबते, म्हणून या सायकलीत चाकाची गोलाई फार महत्त्वाची असते. उंचवटा राहिला तर ब्रेक त्या ठिकाणी झटके देतो. ब्रेकची रबरे नवीच घालावीत आणि ती रिमला एकाच वेळी, दोन्ही बाजूंनी सारखी टेकतात का ते पाहावे. लोखंडी रिम ओली झाल्यावर ब्रेक फार कमी पकडतो. हे जुन्या सायकलीचे अंगभूत वैगुण्य आहे, आणि पावसात घाटाच्या उतारावर तिच्यावर भरवसा ठेवू नये.

चेन पट्टीने मोजावी. पूर्ण बारा जोडांची लांबी नेमकी बारा इंच असते, ती एक सूत वाढलेली दिसली तर चेनबरोबर फ्रीव्हीलही बदलावे लागते. तीन गिअरचा स्टर्मे-आर्चर हब सापडला तर तो उघडण्याआधी त्यात पातळ मशीन तेल टाकून पाहावे. बहुतेकदा त्याला तेवढेच हवे असते. त्याच्या नळकांड्यावर बनावटीचे साल कोरलेले असते, त्यावरून सायकलीच्या वयाचा अंदाज येतो. चामड्याच्या सीटवरची बुरशी कोरड्या फडक्याने पुसून तिला चामड्याचे मेण लावावे. ती पाण्यात भिजवू नये.

सगळे जोडून झाल्यावर पहिली फेरी घराजवळच, सपाट रस्त्यावर घ्यावी. त्यानंतर मी बेळगावहून खानापूरला जाऊन येतो. हे अंतर जाऊन-येऊन साधारण पन्नास किलोमीटर भरते, आणि तेवढ्या अंतरात नव्या पिना आपल्या जागी बसतात. म्हणून खानापुरात पोचताच सायकल उभी करून दोन्ही कॉटरचे नट, हँडलचा बोल्ट आणि चाकांचे नट पुन्हा आवळावेत, आणि त्यासाठी तो डमरूच्या आकाराचा पाना खिशात ठेवूनच घरून निघावे.