ओहोटीच्या वेळी मुलांना खडकाळ किनाऱ्यावर कसे न्यावे

वाळूच्या किनाऱ्यावर मुले किल्ला बांधतात आणि परततात. काळ्या कातळाच्या किनाऱ्यावर मात्र ओहोटीने उघडी पडलेली डबकी पाहता पाहता दोन तास कसे गेले ते कळत नाही. मुंबईत हाजी अलीजवळ, वांद्र्याला कार्टर रोडलगत आणि कोकणातही ठिकठिकाणी असे खडक आहेत. आठ ते बारा वर्षांच्या मुलांसाठी ही सहल उत्तम. चार मुलांमागे एक मोठा माणूस मात्र हवाच.

सहलीचा दिवस मुलांनीच काढावा. किनाऱ्यावरचा जुना हिशेब असा, की पक्षातील तिथीची पाऊणपट केली की भरतीची साधारण वेळ मिळते. म्हणजे तृतीयेला सव्वादोनची भरती, आणि तिच्यानंतर सहा तासांहून थोडी अधिक वेळ सोडली, की सकाळी साडेआठच्या सुमारास पूर्ण ओहोटी. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण असल्याने पाणी सर्वांत दूर जाते. म्हणून त्यानंतरच्या द्वितीया-तृतीयेची सकाळ मुलांना सोयीची पडते. तिथी दिवसाच्या मध्येच बदलते, हे विसरून मी एकदा सगळी वरात तासभर उशिरा नेली होती. तेव्हापासून मुलांचे उत्तर भरती-ओहोटीच्या छापील तक्त्याशी ताडल्याशिवाय मी निघत नाही. पावसाळ्यात हा बेत करूच नये. नोव्हेंबर ते मार्च हा काळ चांगला.

पूर्ण ओहोटीच्या दीड तास आधी पोहोचावे आणि ओसरणाऱ्या पाण्यामागे हळूहळू खाली उतरावे. पायांत चपला नकोत, लेसचे जुने कॅनव्हासचे बूट हवेत, कारण हिरव्या शेवाळावर पाय घसरतो आणि खडकाला चिकटलेल्या कालवांच्या कडा ब्लेडसारख्या कापतात. सोबत टोप्या, प्यायचे पाणी, प्रथमोपचाराची पेटी, एक साधा तापमापक आणि सपाट तळाचा पारदर्शक प्लास्टिकचा डबा घ्यावा. डब्याचा तळ पाण्यात किंचित दाबून वरून पाहिले, की पृष्ठभागावरची चमक नाहीशी होऊन डबक्याचा तळ स्वच्छ दिसतो. एवढ्या स्वस्त साधनाइतके दुसरे काहीच कामी येत नाही.

पहिल्या डबक्याशी दहा मिनिटे सर्वांनी नुसते बसावे. सावली पाण्यावर पडू देऊ नये. आधी काहीच दिसत नाही, मग एक छोटा शंख चालू लागतो. तो उचलला तर आतला खेकडा नांगीने दार लावून घेतो, आणि ओल्या तळव्यावर उपडा न ठेवता स्थिर धरून ठेवला, तर मिनिटभरात आधी मिश्या, मग देठांवरचे डोळे बाहेर येतात. त्याला जिथून घेतले तिथेच सोडावे. समुद्रफूल हा खडकाला चिकटून राहणारा, फुलासारखा दिसणारा प्राणी. पाण्यात फुललेले समुद्रफूल कोरड्यावर जेलीच्या गोळ्यासारखे मिटलेले असते. दोन्ही अवस्था शेजारी-शेजारी शोधायला सांगावे. मग वरच्या आणि खालच्या डबक्यांचे तापमान मुलांकडून वहीत लिहून घ्यावे. वरची डबकी उन्हात अधिक वेळ तापतात, पाणी आटून त्यांचा खारटपणाही वाढतो, आणि तिथे राहणारे जीव वेगळे का, याचा अंदाज मुले आपणच बांधू लागतात.

दगड उलटला, तर पाहून झाल्यावर तो पुन्हा तसाच ठेवावा. खालच्या बाजूचे जीव उन्हात टिकत नाहीत. शंकूच्या आकाराच्या सुंदर शंखांना हात लावू देऊ नये, कारण त्यांतील काही गोगलगायी विषारी दंश करतात. पोवळी १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षित आहेत, तेव्हा तुकडाही घरी आणायचा नाही.

पूर्ण ओहोटी झाली की अर्ध्या तासात परत फिरावे. पाणी सुरुवातीला संथ चढते, पण तिसऱ्या-चौथ्या तासात सर्वांत वेगाने येते आणि मागची वाट आधी बुडते. एका मोठ्या माणसाने वहीकडे न पाहता फक्त समुद्राकडे पाहत राहावे.

पुढची फेरी अष्टमीच्या भांगाला, म्हणजे पाणी सर्वांत कमी चढते-उतरते तेव्हा, दुपारी बाराच्या सुमारास ठेवावी, आणि मागच्या खेपेचे सर्वांत खालचे डबके मुलांना शोधायला लावावे. ते बहुधा पाण्याखालीच सापडेल.