ऊस तुटला, आता दरडीकडच्या दोन सऱ्या सोडा

नदीकाठच्या फडांत ऊसतोडीच्या टोळ्या उतरल्या आहेत. फड मोकळा झाला की आठवड्याभरात माती भुसभुशीत करणारा रोटर फिरतो, आणि तो थेट दरडीच्या, म्हणजे नदीच्या उभ्या काठाच्या, टोकापर्यंत नेला जातो. यंदा तेवढं टाळा. नदीकडच्या शेवटच्या दोन-तीन सऱ्या, म्हणजे दहा-पंधरा फूट, न नांगरता राहू द्या.

जमीन वाया गेली असं वाटेल. पण 2019 आणि 2021 चे पूर आठवा. पाणी चढलेलं असताना दरड तग धरते. ते झपाट्यानं उतरलं की भिजून जड झालेल्या मातीचा बाहेरचा आधार जातो आणि कड ढासळते. उसाची बहुतेक मुळं वरच्या दोन फुटांतच असतात, त्यांच्यानं दरड धरवत नाही. काठाला करंज, जांभूळ, उंबर, वाळुंज असेल तर कुऱ्हाड लावू नका. उतारावर वाळ्याचे ठोंब लावा. मोटरचं पाणी हाताशी आहे, आताही जगतील. नवी झाडं मात्र जूनमध्येच.

अशाच झाडोऱ्यात ऊद, म्हणजे पाणमांजर, आसरा घेतो. त्याची पिल्लं हिवाळ्यात असतात. खडकावर माशांचे खवले आणि खेकड्याच्या कवचाचे तुकडे असलेली विष्ठा दिसली, तर जवळची बिळं आणि मुळांखालच्या पोकळ्या उकरू नका. उभ्या दरडीतली छोटी भोकं खंड्याची आणि वेड्या राघूची. राघू दिवसभर किडेच टिपतो, त्यामुळे जेसीबी लावून दरड तासून घेण्यात तोटा आपलाच.

कृष्णा-वारणेकाठी मगरी आहेत. थंडीत त्या काठावर उन्हाला पडतात आणि फेब्रुवारीपासून काठच्या मातीत अंडी घालतात. मोटर सुरू करायला अंधारात एकट्यानं उतरू नका. मेलेली जनावरं, कोंबड्या नदीत टाकू नका, मगर त्या वासानं तिथेच रेंगाळते.

आता सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट. कोल्हापुरी बंधाऱ्यांना बरगे, म्हणजे पाणी अडवणाऱ्या फळ्या, घातले की पंचगंगा वाहती राहत नाही, डोहांची माळ होते. पावसाळ्यात वाहून जाणारं फवारणीचं औषध आता तिथंच थांबतं आणि मासे मरतात. माशांवर जगणारा ऊद मग कुठं जाणार? फवारणीचा पंप नदीत किंवा बंधाऱ्यावर धुवू नका, धुण्याचं पाणी पिकातच फवारून टाका.

पाचट, म्हणजे तोडीनंतर उरलेला उसाचा वाळला पाला, पेटवू नका. सरीत पसरून एक टन पाचटाला 8 किलो युरिया, 10 किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि 1 किलो पाचट कुजवणारं जिवाणू संवर्धक टाका. उंदीर खाणारी धामण आणि रानमांजर आगीतून वाचतात, आणि खोडव्याला, म्हणजे तोडलेल्या बुडख्यांतून फुटणाऱ्या पुढच्या उसाला, ओल टिकते.

तोडताना पिल्लं सापडली तर बिबट्याची समजून घाबरून उचलू नका, बऱ्याचदा ती रानमांजराची असतात. तेवढ्या कोपऱ्यातली तोड थांबवा, गर्दी हटवा, वन विभागाच्या 1926 या क्रमांकावर कळवा. आई बहुधा रात्री येऊन घेऊन जाते.