मुलाबाळांसह शिडाच्या बोटीवर राहायचंय? आधी नांगर शिका

किनाऱ्याकिनाऱ्याने प्रवास करत शिडाच्या बोटीवर कुटुंबासह राहू पाहणारे बहुतेक जण शिडं हाताळण्यापासून सुरुवात करतात. आमचा आग्रह आहे की नांगर टाकणं त्याआधी शिका. बोट चालते दिवसातले पाच-सहा तास. उरलेला वेळ ती नांगरावर असते, आणि रात्री मुलं आत झोपलेली असतात.

साखळी किती सोडायची, याचा हिशेब पोचल्यावेळच्या खोलीवर करू नका. खोली ४ मीटर, भरतीला पाणी आणखी २ मीटर चढणार, आणि नाळ (बोटीचं पुढचं टोक) पाण्यापासून १ मीटर वर: एकूण ७. त्याच्या पाचपट, म्हणजे ३५ मीटर साखळी. थोडी साखळी आणि पुढे दोर असेल तर सातपट. नुसते ४ मीटर धरून २० मीटर सोडली, तर भरतीला प्रमाण तिपटीच्याही खाली येतं. मग साखळीची ओढ आडवी न राहता वर बसते आणि नांगर उपटला जातो. संध्याकाळी ओहोटीला पोचलेल्यांवर ही वेळ मध्यरात्री येते.

नाळ वाऱ्याकडे करून बोट पूर्ण थांबवा. नांगर तळाला टेकला की बोट मागे सरकेल तशी साखळी सोडत जा. एकदम सोडली तर ढीग होतो आणि ती नांगरातच गुंतते. शेवटी इंजिन रिव्हर्समध्ये हळूहळू वाढवून नांगर रुतवा. त्या वेळी किनाऱ्यावरच्या, एकामागे एक दिसणाऱ्या दोन खुणा बाजूला नजरेत धरा. त्या एकमेकींपासून सरकत राहिल्या तर नांगर घसरतोय. उचला आणि पुन्हा टाका. वारा फिरला की बोटही फिरणार, तेव्हा साखळी आणि बोट यांच्या लांबीएवढी जागा चहूकडे मोकळी हवीच.

५ नॉटने (तासाला ५ समुद्री मैल) ३० समुद्री मैल म्हणजे ६ तास. मुलं असताना याहून लांबचा टप्पा आखू नका. पहाटे मतलई वाऱ्यावर निघून, दुपारी खारा वारा जोर धरायच्या आत नांगर पडलेला बरा. शीड कमी करावं का, असा प्रश्न मनात आला की त्याच क्षणी करा. जोराच्या वाऱ्यात ते काम दुप्पट कठीण होतं.

मुलांच्या लाइफ जॅकेटला मांड्यांमधून जाणारा पट्टा असलाच पाहिजे. तो नसेल तर पाण्यात जॅकेट वर सरकतं आणि मूल खालून निसटतं. रात्री कॉकपिटबाहेर (बोट चालवायला बसतात ती जागा) पाऊल टाकण्याआधी मोठ्यांनीसुद्धा सेफ्टी हार्नेस (अंगावरचा पट्टा) बोटीला अडकवायचा. यात सवलत नाही.

पिण्याचं पाणी दोन वेगळ्या टाक्यांत ठेवा, म्हणजे एकीत खारं पाणी शिरलं तरी दुसरी वाचते. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळला की बोटीच्या तळाशी साचतो. स्वयंपाक झाल्यावर सिलिंडरचाच व्हॉल्व्ह बंद करा. लेड-ॲसिड बॅटरी निम्म्याखाली उतरवू नका (भार नसताना साधारण १२.२ व्होल्ट).

इंजिन सुरू केलं की प्रत्येक वेळी मागे वाकून एक्झॉस्टमधून (धूर बाहेर सोडणारी नळी) इंजिन थंड करणारं पाणी पडतंय का पाहा. थांबलं असेल तर इंजिन लगेच बंद करून आधी समुद्राचं पाणी आत घेणारा व्हॉल्व्ह आणि गाळणी तपासा, मग पंपाचा रबरी इम्पेलर (पाणी ढकलणारं पात्यांचं चाक). सुटा इम्पेलर जवळ हवाच. जुन्याची पाती तुटली असतील तर सगळे तुकडे शोधून काढा. राहिलेले हीट एक्स्चेंजरमध्ये (समुद्राच्या पाण्याने इंजिनाची उष्णता काढून घेणारा भाग) अडकतात आणि नवा इम्पेलर बसवूनही इंजिन तापत राहतं.